दुधारी ब्लेडचा रेझर : घ्यावा कोणता, विकावा कोणता?

व्यापाराच्या या पानावर रेझरविषयी लेख पाहून काही बांधव विचारतील, की मियाँ, कापडाचा धंदा सोडून हे काय काढले? शिवाय आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण दाढी राखणारे. पण दाढी राखणाऱ्यालाही गालावरचे खत, मान आणि ओठांवरच्या मिशा नीट ठेवाव्या लागतात. चाळीस दिवसांच्या आत करावयाची शरीराची सफाई तर सगळ्यांनाच आहे. हज-उमऱ्याला जाणारा हलक करतो, अकिक्याला सातव्या दिवशी बाळाचे केस उतरवतात. थोडक्यात, ब्लेड ज्या घरात नाही असे घर सापडणार नाही. दाढी किती ठेवावी आणि गालावरचे केस काढावेत की नाही, हा मसला उलेमांचा. त्यात मी पडत नाही. मला बोलायचे आहे ते लोखंड, पितळ, पाणी आणि नफा-तोट्याचे.

या विषयात पडण्याचे कारण सरळ आहे. मला काही वर्षांपासून शुगर आहे. एकदा एका सलूनमध्ये जबड्याखाली ब्लेड लागले. लहानशी जखम, तुरटी फिरवली आणि विसरून गेलो. आठ दिवसांनी तिथे पू झाला, ताप आला, आणि डॉक्टरांकडे चकरा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "शेठ, शुगरवाल्याने मानेवर जखम करून घ्यायची नसते. घरी करा, आपल्या हाताने करा, आणि स्वतःचे ब्लेड वापरा." दुसऱ्यांदा सलूनमध्ये गेलो तेव्हा कारागीर म्हणाला, "चाचा, नयाच ब्लेड लगाया मैं." खरेच लावले असेल. पण मला ते पाकिटातून निघताना दिसले नव्हते.

त्याच सुमारास लातूरला गंजगोलाईत जनरल स्टोअर चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने मुंबईहून दोन डझन चकचकीत रेझर आणले होते आणि त्यात तो फसला होता. त्याची हकीकत पुढे येईल. मी घरासाठी रेझर शोधत होतो, तो दुकानासाठी. म्हणून दोघांनी मिळून ठरवले, की ऐकीव गोष्टी सोडून स्वतः वापरून पाहू. मी खत आणि मान करणार, आणि माझा पुतण्या, जो रोज पूर्ण दाढी करून नोकरीवर जातो, तो पूर्ण चेहरा. दीड महिना आम्ही वहीत नोंदी ठेवल्या.

आधी थोडे मागचे. दोन्ही बाजूंनी धार असलेले, वापरून टाकून द्यायचे पातळ ब्लेड किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाने बाजारात आणले. कंपनी १९०१ साली निघाली, १९०३ मध्ये विक्री सुरू झाली आणि पहिल्या वर्षी विकले गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे. आज कुणी दुकानदार पहिल्या वर्षीच्या खपावर रडत असेल तर त्याने हा आकडा लक्षात ठेवावा. पेटंट १९०४ साली मिळाले. इतके पातळ पोलाद धार लावून टिकवणे अशक्य आहे असे जाणकार सांगत होते. ते काम विल्यम निकरसन या इंजिनियरने जमवले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने शिपायांना सुमारे ३५ लाख रेझर दिले आणि घरी परतलेला शिपाई ती सवय घेऊनच परतला.

व्यापारी मंडळी एक गोष्ट नेहमी सांगतात, की जिलेटने रेझर जवळपास फुकट वाटला आणि ब्लेडवर कमावले. हे पूर्ण खरे नाही. सुरुवातीला त्याचा रेझर पाच डॉलरला होता आणि त्या काळी ती मोठी रक्कम होती. १९२१ साली पेटंटची मुदत संपली, इतरांना तसाच रेझर काढण्याची मोकळीक मिळाली, आणि मग स्वस्ताईची चढाओढ लागली. म्हणजे स्वस्त रेझर ही मालकाची हुशारी कमी, स्पर्धेची सक्ती जास्त.

आपल्याकडे मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा वस्तऱ्याचाच जमाना होता. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावण्याचा आवाज आमच्या लहानपणी नांदेडच्या इतवाऱ्यात ऐकू येत असे. स्वातंत्र्यानंतर देशी ब्लेडचा धंदा मुख्यतः मल्होत्रा घराण्याने उभा केला. कोलकात्याच्या हरबन्सलाल मल्होत्रा कंपनीचे टोपाझ आणि याच घराण्याच्या ठाण्यातल्या विद्युत मेटॅलिक्सचे सुपर-मॅक्स ही नावे आपल्या पिढीला पाठ आहेत. जिलेट कंपनी १९८४ साली पोद्दारांबरोबर भागीदारीत आली, कारखाना राजस्थानात भिवाडीला काढला आणि ब्लेड विकले ते 'सेव्हन ओ'क्लॉक' या नावाने. त्या भागीदारीच्या कंपनीचे नाव 'इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स' होते, ते २००० साली 'जिलेट इंडिया' झाले. स्टेनलेस ब्लेड मात्र आधी गाजवले ते विल्किन्सन सोर्ड या इंग्रज कंपनीने, १९६० नंतर. त्यापूर्वीचे कार्बन पोलादाचे ब्लेड दोन दिवसांत गंजत असे. आमचे वडील ते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर घासून पुन्हा वापरत. आजच्या ब्लेडवर तसे करू नये. आज धारेवर प्लॅटिनम, क्रोमियम किंवा नॉनस्टिक तव्यावर असतो त्या जातीचा अतिशय पातळ लेप असतो. काचेवर घासल्याने तो निघून जातो आणि ब्लेड जास्तच ओरबाडते.

आता रेझरांकडे येतो. आम्ही पाच घेतले. ब्लेड सर्वांत एकाच कंपनीचे घातले, नाहीतर तुलना कशाची करणार? आणि हो, ब्लेड कुठल्याही कंपनीचे असो, माप एकच असते: लांबी सुमारे ४३ मिलिमीटर, रुंदी २२ आणि जाडी एक मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणून जर्मन रेझरमध्ये देशी ब्लेड बसते आणि देशी रेझरमध्ये जपानी. कापडवाल्याला हे ऐकून आनंद होतो; आमच्याकडे दोन गिरण्यांचा पन्हा जुळत नाही.

पहिला, प्लास्टिकच्या मुठीचा साधा रेझर, जो गल्लीतल्या दुकानात मिळतो. अगदी हलका. हलका म्हणजे चांगला असे गिऱ्हाइकाला वाटते, आणि इथेच चूक होते. दुधारी रेझर स्वतःच्या वजनाने चालला पाहिजे. हलका रेझर चालत नाही म्हणून माणूस दाबतो, आणि दाबले की कापते. गालावर ठीक चालला. मानेवर मला दोनदा बारीक रक्ताचे थेंब दिसले. पुतण्याने चौथ्या दिवशी तो बाजूला ठेवला.

दुसरा, पार्कर नावाचा. हे रेझर आपल्याच देशात बनतात आणि अमेरिकेपर्यंत विकले जातात, हे फार कमी दुकानदारांना माहीत आहे. मूठ फिरवली की डोके दोन पंखांसारखे उघडते, ब्लेड आत ठेवायचे, उलटी फिरवली की बंद. वजन चांगले आहे. सराफाच्या काट्यावर शंभर ग्रॅमच्या जवळ भरले. ज्यांचे हात थरथरतात किंवा नजर अधू आहे अशा बुजुर्गांना हा प्रकार सोयीचा, कारण ब्लेड बसवताना बोटे धारेपासून लांब राहतात. पण त्याच्या पोटात नळी आणि पेच आहेत. आमच्या बोअरच्या पाण्याने तीन आठवड्यांत तिथे पांढरा थर धरला आणि मूठ जड फिरू लागली. लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून जुन्या दातांच्या ब्रशने घासल्यावर मोकळा झाला. हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगितले पाहिजे, नाहीतर महिन्याने तो "बिघडला" म्हणून परत येईल.

तिसरा, जर्मनीतल्या झोलिंगन गावचा मर्कुर, ३४-सी नावाचा. झोलिंगन म्हणजे चाकू-सुऱ्या आणि वस्तऱ्यांचे गाव, जसे आपल्याकडे मुरादाबाद पितळेचे. मूठ आखूड आणि जाड, वजन पाऊणशे ग्रॅमच्या थोडे वर. दाट, राठ दाढीला पुतण्याच्या मते हाच सर्वांत चांगला. दोन वेळा फिरवला की गाल साफ. मला मात्र मानेवर सावध राहावे लागले. किंमत आपल्या बाजाराला जड आहे, हजारांत जाते.

चौथा, म्यूले आर-८९, तोही जर्मन. आखातातून आलेल्या एका नातेवाइकाकडून मागून घेतला. इंग्लंडच्या शेफिल्डचा एडविन जॅगर डीई-८९ म्हणून जो विकला जातो त्याचे डोके जवळपास हेच, फक्त मूठ वेगळी; तेव्हा दोन्ही ठेवण्याची दुकानदाराला गरज नाही. हा मवाळ आहे. मानेवर उलट दिशेने फिरवला तरी जळजळ झाली नाही. याच म्यूलेचा आर-४१ नावाचा भाऊ आहे, दातेरी कंगव्यासारखा. तो फार आक्रमक म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. नवशिक्याला तो देऊ नये, आणि शुगरवाल्याला तर अजिबात नाही.

पाचवा पैसे देऊन घेतलेला नव्हता. वडिलांच्या ट्रंकेत जिलेटचा जुना 'टेक' सापडला, १९३० च्या दशकाच्या अखेरीस निघालेली जात. वडिलांनी तो हैदराबादला बेगम बाजारात कधीतरी घेतला होता. झाकण, खालची पट्टी आणि मूठ असे तीन सुटे भाग, एवढाच काय तो कारभार. चकाकी गेलेली, आतले पितळ दिसणारे. गरम पाण्यात धुतला, आटे साफ केले, नवे ब्लेड घातले. वहीत माझ्या हाताने लिहिले आहे: "मानेवर काही लागले असे वाटलेच नाही." म्यूलेला मी दुसरा नंबर देईन, पण पहिला या म्हाताऱ्याचा. पुतण्या मात्र म्हणाला, "चाचा, तुमच्या मानेला ठीक आहे, माझी दाढी यात तीनदा फिरवावी लागते."

एकच ब्लेड पाच रेझरमध्ये पाच प्रकारे का चालते? तीन गोष्टी आहेत. ब्लेडची धार डोक्याच्या बाहेर किती डोकावते. धार आणि खालची पट्टी यांत फट किती, जी अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. आणि डोके ब्लेडला किती घट्ट दाबून धरते. धार जास्त बाहेर आणि फट मोठी, तर रेझर जहाल. दोन्ही कमी, तर मवाळ. आणि ब्लेड सैल असेल तर ते थरथरते, मग मवाळ रेझरही जखम करतो. म्हणून कुणी सरसकट "हाच उत्तम" म्हणत असेल तर त्याने कातडी आणि केस न पाहताच माप घेतले असे समजावे.

मावसभावाचे दोन डझन इथेच नापास झाले. माल दिसायला विलायती, डबा मखमली, भाव अर्धा. मुंबईच्या एका घाऊकवाल्याकडून कच्च्या चिठ्ठीवर उचलला होता. चोवीसपैकी अकरा विकले, त्यातले आठ परत आले. गिऱ्हाइकांची तक्रार एकच: एका बाजूने कापते, दुसऱ्या बाजूने केसच निघत नाही. मी एकात ब्लेड घालून ट्यूबलाइटसमोर आडवे धरले, तर एका बाजूची धार स्पष्ट बाहेर आणि दुसऱ्या बाजूची पार आत. पट्टीवरच्या ज्या खुंट्यांवर ब्लेड बसते, त्याच वाकड्या ओतलेल्या. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, सगळे थोड्याफार फरकाने तसेच. शिवाय एक हातातून फरशीवर पडला तो आट्याजवळ तुटला. जस्ताच्या ओतीव धातूचे हे दुखणे आहे. वरून क्रोमचा मुलामा असेपर्यंत छान दिसतो, मुलामा टोचला की आतून पांढरी भुकटी सुटते, आणि आटे पितळेच्या मानाने कच्चे. बरेच चांगले रेझरही याच धातूत डोके ओततात हे खरे, पण त्यांची ओतकामाची सफाई वेगळी.

लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. त्याचा उपयोग थोडाच. पितळ, जस्त आणि चांगले स्टेनलेस, तिघांनाही चुंबक धरत नाही. त्यापेक्षा दुकानातच ब्लेड घालून उजेडासमोर दोन्ही बाजू पाहणे, आणि आटे दहा वेळा खोलून-लावून पाहणे चांगले.

घाऊकवाल्याने माल परत घ्यायला नकार दिला. पक्के बिल नव्हते, बोलणार कशावर? मावसभाऊ म्हणाला, "भाईजान, आठवडी बाजारात अर्ध्या भावात काढून टाकतो, तिथे कोण परत येणार आहे?" मी म्हणालो, "ऐब सांगून विकणार असशील तर विक." तो गप्प झाला, कारण 'हा एका बाजूने कापतो' असे सांगितल्यावर रेझर कोण घेईल? त्याला राग आला होता. दोन डझन रेझर म्हणजे मोठ्या दुकानाला काही नाही, पण त्याच्यासारख्याला एका हंगामाचे जास्तीचे भांडवल. दोन दिवस आमचे बोलणे बंद होते. शेवटी त्याने आठ गिऱ्हाइकांना पैसे परत केले आणि उरलेल्या एकवीस रेझरांची डोकी स्वतः हातोडीने ठेचून भंगारात दिली, म्हणजे भंगारातून उचलून कुणी पुन्हा विकू नये. आठांपैकी पाच जण आजही त्याच्याकडूनच ब्लेड नेतात. बाकी तिघांचे सांगता येत नाही.

कच्च्या चिठ्ठीचा आणखी एक धोका दुकानदारांनी समजून घ्यावा. वजनमाप कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंद पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा पत्ता छापलेला पाहिजे. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्तासुद्धा. नसेल तर तपासणीत दंड दुकानदाराला होतो, मुंबईत बसलेल्याला नाही. ब्लेडमध्ये नकली माल पुष्कळ आहे. छपाई अंधुक, गोंद बाहेर आलेला, कागद तेलकट असे पाकीट दिसले की समजावे. शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. गिऱ्हाइकाला तो फायदा पोचवणे आपल्यावर आहे.

पाण्याविषयी थोडे जास्त लिहितो, कारण आरामशीर दाढीचे निम्मे गुपित तिथे आहे आणि आपल्या भागात पाणीच अडते. केस कोरडा असताना तारेसारखा असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजला की नरम होतो. अंघोळीनंतर किंवा वजू करून लगेच बसले तर काम सोपे. पण बोअरचे पाणी जड. त्यात साबणाचा फेस येत नाही, नुसता चोथा होतो. गोदावरीचे नळाचे पाणी असेल तर ठीक. बोअरच असेल तर पाणी उकळून, निवळून घ्यावे, थोडी तरी जडाई कमी होते. एक वाटीभर फिल्टरचे पाणी फेसापुरते वापरले तरी चालते.

लातूरकरांना तर पाण्याचे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवसांत मावसभाऊ एका पेल्यात दाढी उरकत असे. दुधारी रेझरचा गुण त्याला तेव्हा कळला: डोके खोलले की एका बुडीत साफ. दोन-तीन पात्यांचे बंद कार्ट्रिज वाहत्या नळाशिवाय साफ होत नाही, केस आतच अडकतात. हा धडा जिलेट कंपनीलाही महागात शिकावा लागला. २००२ साली त्यांनी भारतासाठी 'व्हेक्टर' काढला, पण त्याची परीक्षा घेतली ती अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. तिथे नळाला धो-धो पाणी! इथे माणूस एका पेल्यावर बसतो हे नंतर कळले. मग त्यांची माणसे भारतात येऊन घरोघर बसली आणि २०१० मध्ये एका पात्याचा, सहज धुतला जाणारा 'गार्ड' निघाला, रेझर पंधरा रुपयांना आणि कार्ट्रिज पाच रुपयांना. दुधारी ब्लेडचे गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने कुणी ओढले असेल तर त्या गार्डने. आपल्या व्यापाऱ्यांनीही यातून घ्यावे: गिऱ्हाइकाच्या घरी पाणी कसे येते हे माहीत नसताना माल भरू नये.

ब्रश आणि साबणाबाबत आपल्या वाचकांनी डोळे उघडे ठेवावेत. दाढीचे ब्रश बिज्जूच्या, घोड्याच्या, डुकराच्या किंवा कृत्रिम केसांचे असतात. डब्यावर इंग्रजीत 'ब्रिसल' किंवा 'बोअर' असेल तर ते डुकराचे केस समजावेत. फक्त 'शुद्ध ब्रिसल' लिहिलेले पाहून फसू नये. आज नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे ब्रश इतके मऊ निघाले आहेत की दुसरे घेण्याची गरजच नाही. ते लवकर वाळतात आणि दुर्गंधी धरत नाहीत. साबणाच्या वेष्टनावर 'टॅलोएट' हा शब्द दिसला तर त्यात जनावराची चरबी आहे, कोणत्या जनावराची ते लिहिलेले नसते. वनस्पती तेलाचे साबण भरपूर आहेत. चरबीशिवाय साबण बनवण्याचे काम आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी शंभर वर्षांपूर्वीच करून दाखवले होते. मावसभावाने आता दुकानात वनस्पती तेलाचा साबण आणि कृत्रिम ब्रश एवढेच ठेवले आहे, आणि तसे बोर्डावर लिहिले आहे. त्यासाठी औशाहूनसुद्धा गिऱ्हाईक येते.

वापरण्याचे थोडक्यात. मूठ टोकाला धरावी, धार कातडीशी तीस अंशांच्या आसपास राहील असे डोके टेकवावे, दाबू नये. पहिल्यांदा केसांच्या दिशेने, हवे तर पुन्हा फेस लावून आडवे. उलट दिशेने फिरवण्याची घाई नको. मानेवर केस गोल-गोल उगवतात, आधी बोटांनी दिशा पाहावी. एक ब्लेड चार-पाच दाढ्या, नंतर बदलावे. टॉवेलने ब्लेड पुसू नये, फक्त झटकून वाळवावे. जपानी फेदरसारखे अतितीक्ष्ण ब्लेड पहिल्याच आठवड्यात घेऊ नये. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. हज-उमऱ्याला जाताना ब्लेड हातातल्या बॅगेत ठेवू नये, विमानतळावर काढून घेतात. मोठ्या सामानात ठेवावे. आणि तिथे हलक करताना नवे ब्लेड डोळ्यांसमोर उघडायला लावावे.

खर्चाचा आमच्या घरचा हिशेब असा आहे. देशी ब्लेड चार-पाच रुपयांना पडते, पाच दाढ्या धरल्या तर दाढीमागे रुपयाभर. तीन पात्यांचे कार्ट्रिज शंभराच्या वर, ते पंधरा दिवस रेटले तरी दाढीमागे सात रुपये. पुतण्याने महिन्याचा फरक काढला आणि कार्ट्रिज घेणे बंद केले. मर्कुरची किंमत मात्र अशा फरकातून वसूल व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, हेही खरे.

दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर रेझर दहा वर्षांत एकदा विकला जातो, ब्लेड दर महिन्याला. आणि ब्लेडचा खप केवळ दाढीवर नाही. आमच्या कापडबाजारातला प्रत्येक शिंपी शिवण उसवायला अर्धे ब्लेड वापरतो. गुलाबाचे डोळे भरणारे माळी, पतंगवाले, चामड्याचे काम करणारे, सगळे तेच घेतात. आमच्या नांदेडला हुजूर साहिबमुळे शीख बांधवांची मोठी वस्ती आहे, जे केस कापत नाहीत. तरी त्यांच्या भागातल्या शिलाईच्या दुकानांत ब्लेडचे पाकीट असतेच.

सर्वांत मोठे गिऱ्हाईक अर्थात सलून. आमच्या आठवणीत १९९० नंतर एड्सची चर्चा सुरू झाली आणि जुना वस्तरा जाऊन अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा आला. शंभर ब्लेडांची पेटी म्हणजे दोनशे गिऱ्हाइके. कागदातच ब्लेड मोडून अर्धे लावायचे आणि प्रत्येकाला नवे, ही पद्धत असेल तर काळजी नाही. पण गर्दीच्या दिवशी, विशेषतः ईदच्या चाँदरातीला, एकच अर्धे ब्लेड चार-पाच जणांना फिरते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. हिपॅटायटिस बी आणि सी हे काविळीचे आजार अशा न दिसणाऱ्या रक्तातून पसरतात, आणि पहिला धोका खुद्द कारागिराच्या बोटांना असतो. वाचवले किती, तर अडीच रुपये. देगलूर नाक्याजवळच्या एका सलमानी भाईने भिंतीवर पत्र्याचा डबा ठोकला आहे, वर चिरेएवढे भोक. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवे ब्लेड मोडतो आणि जुने त्यात टाकतो. दर पाच रुपयांनी वाढवला, कुणी तक्रार केली नाही. डबा भरला की तोंड ठोकून बंद करतो, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापत नाही. घरीही जुन्या पावडरच्या डब्याला चीर पाडून हेच करता येते.

गंजगोलाईच्या त्या दुकानात आता कपाटात तीनच रेझर आहेत. एक देशी, उघडणाऱ्या डोक्याचा. एक देशी, तीन सुट्या भागांचा, वजनदार. आणि एक जर्मन, ज्याची एकच प्रत ठेवतो आणि ऑर्डर आली तरच दुसरी मागवतो. शेजारी वेगवेगळ्या चार कंपन्यांची सुटी पाकिटे, म्हणजे गिऱ्हाईक आधी एकेक ब्लेड वापरून पाहील आणि मग पेटी नेईल. प्रत्येक रेझर देताना तो ब्लेड घालून ट्यूबलाइटकडे धरतो आणि गिऱ्हाइकाला दोन्ही बाजू दाखवतो. वडिलांचा टेक माझ्याकडेच आहे. आटे थोडे झिजले आहेत, म्हणून इतवाऱ्यातल्या एका पितळकाम करणाऱ्या कारागिराकडे नवी मूठ करायला दिली आहे; तो म्हणाला, जुम्म्यानंतर या.